विश्लेषण : मंगळावरचे ठिपके आणि कऱ्हाकाठची राख

मंगळावरच्या एका खडकावर ठिपके आढळले आणि ‘जीवसृष्टीचा पुरावा सापडला’ अशा बातम्या मोबाइलवर फिरू लागल्या. शास्त्रज्ञ मात्र तसे म्हणाले नव्हते. दगडमातीतून जीवनाची खूण कशी वाचतात, वाचताना चूक कुठे होते आणि बारामती-इंदापूरच्या जमिनीचा या सगळ्याशी काय संबंध आहे?

मंगळावर नेमके काय सापडले?

‘नासा’ची पर्सिव्हिअरन्स ही गाडी फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. जुलै २०२४ मध्ये तिला तिथल्या एका आटलेल्या नदीच्या पात्रात गाळाचा घट्ट झालेला खडक दिसला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव देण्यात आले. त्यावर बिबट्याच्या कातडीवर असतात तसे ठिपके होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. ठिपक्यांत लोह व फॉस्फेट असलेले व्हिव्हिअनाइट आणि लोह व गंधक असलेले ग्रेगाइट ही खनिजे असावीत आणि त्या खडकात सेंद्रिय कार्बनही आहे, असे त्यात म्हटले आहे.

पृथ्वीवर ही खनिजे बऱ्याचदा हवा न पोहोचणाऱ्या चिखलात, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवत असताना तयार होतात. मात्र सूक्ष्मजीवांशिवायही ती होऊ शकतात. म्हणून संशोधकांनी ‘संभाव्य जैवखूण’ असा शब्द वापरला. आपल्याकडच्या मथळ्यांतून सर्वात आधी गळतो तो हाच ‘संभाव्य’. अशा दाव्यांसाठी ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवलेली आहे आणि हा खडक अजून अगदी खालच्या पायरीवर आहे.

बारामतीचा संबंध कुठे येतो?

इंदापूर किंवा बारामती तालुक्यात विहीर खोदणाऱ्याला जमिनीचे थर तोंडपाठ असतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा आणि खाली सुरुंग लावल्याशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर एकावर एक पसरत गेलेला लाव्हा. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच आहे. त्यामुळे बेसॉल्टवर पाणी पडले, मुरले, साचले, आटले की त्याचे काय होते, हा मंगळाच्या अभ्यासातला मूळ प्रश्न ठरतो. बारामतीच्या शेतकऱ्याला त्याचे उत्तर अंगणात मिळते. बेसॉल्टचा आधी मुरूम होतो आणि पुढे चिकणमाती.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे खडकातून कोमट-गरम पाणी फिरते आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजे वाढतात. पुणे परिसरातल्या खाणींत स्टिल्बाइट, अपोफिलाइट सापडतात आणि वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहे. पोकळीतला असा एकेक स्फटिक म्हणजे खडकातून कधीकाळी पाणी खेळल्याची नोंद. पण खाणीतून निघून व्यापाऱ्याकडे जाताना तो कोणत्या थरातला, किती खोलीवरचा, शेजारी काय होते, हे कुणी लिहून ठेवत नाही. दगड देखणा राहतो आणि त्याच्यासोबतची माहिती खाणीतच राहते.

लाल पट्ट्याची गोष्ट आणखी महत्त्वाची. दोन लाव्हांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरचा भाग कुजून, धूळ-राख साचून हे लाल थर तयार झाले. पश्चिम घाटातल्या अशाच थरांतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेगळे करून ब्लेअर शोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या उद्रेकांचे कालमापन केले. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा आणि दुसऱ्या गटाचा, असे दोन अभ्यास एकाच वेळी आले. डायनोसॉर नाहीसे होण्याआधी किती लाव्हा ओतला गेला आणि नंतर किती, यावर दोन्ही गटांचे पटले नाही. तरी ग्रहावरची बरीचशी जीवसृष्टी कशाने मेली, हा प्रश्न आपल्याकडच्या लाल मातीतल्या बारीक कणांवर येऊन ठेपतो, हे विसरता येत नाही. हीच माती आपण रस्त्याच्या भरावात टाकतो.

जीवाश्मांच्या बाबतीत मात्र बारामतीचा खडक कंजूष आहे. तापलेल्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळी साचली तिथे जीवाश्म मिळतात, पण ते विदर्भाच्या बाजूला. डायनोसॉरची हाडे मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या गाळाच्या खडकात. पुणे-नगरकडे जुन्या जनावरांची हाडे सापडली ती खूप अलीकडच्या, घोड आणि गोदावरीसारख्या नद्यांच्या गाळात.

जीवनाची सुरुवात चिकणमातीत झाली का?

काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून भेगा मिटतात. याचे कारण तिच्यातली स्मेक्टाइट गटातली खनिजे. वहीच्या पानांसारखे पातळ थर आणि पानांच्या मध्ये पाणी. माँटमोरिलोनाइट हे या गटातले सर्वात परिचित नाव.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जेम्स फेरिस यांनी याच माँटमोरिलोनाइटवर आरएनएचे सुटे घटक सोडून पाहिले. पाण्यात ते सुटेच राहतात, पण मातीच्या पृष्ठभागावर एकमेकांना जोडले जाऊन साखळी तयार होते. १९९६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खनिजांच्या पृष्ठभागांवर पन्नासच्या आसपास दुव्यांच्या साखळ्या मिळाल्याचे प्रसिद्ध केले. २००३ मध्ये जॅक शोस्टॅक यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. हीच माती टाकली की स्निग्धाम्लांचे पेशीसारखे फुगे झपाट्याने तयार होतात आणि मातीचा कण, त्यावरच्या आरएनएसह, फुग्याच्या आत अडकतो.

यावरून ‘जीवनाचा जन्म काळ्या मातीत’ असे लिहायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. फेरिस यांनी वापरलेले घटक आधी रासायनिकरीत्या ‘चेतवलेले’ होते आणि आदिम पृथ्वीवर ते कसे चेतवले गेले असतील, हे ठरलेले नाही. त्यांची मातीही अमेरिकेतली. सगळ्याच जातीची माती हे काम सारख्या जोमाने करत नाही. आपली काळी माती तर या तुलनेत कालची म्हणावी लागेल, कारण जीवन अवतरून अब्जावधी वर्षे झाल्यावर ती तयार झाली. प्रयोगांनी दाखवले ते इतकेच की खडक झिजून होणारी एक साधी वस्तू, जी मंगळावरही आहे, रसायनांना जवळ आणून जोडू शकते. तेवढेही पुष्कळ आहे.

मग चिकणमाती दिसली की जीवन शक्य?

इथे नीरा खोरे मदतीला येते. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळाला पाणी मिळाले. ऊस आला. काही दशकांतच सखल शेतांत पाणी साचू लागले, भूजल वर आले आणि उन्हात आटताना क्षार वर सोडून जाऊ लागले. पांढरी फुटलेली जमीन पिकेनाशी झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली, ‘द सॉल्ट लँड्स ऑफ द नीरा व्हॅली’. शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी क्षारपड आणि चोपण हे शब्द या पट्ट्यात जुने झालेले नाहीत.

माती तीच, खनिज तेच, पाणीही मुबलक. पण सोडियम वाढला की चिकणमातीचे कण विखुरतात, जमीन घट्ट बसते, हवा खेळत नाही आणि मुळे गुदमरतात. म्हणजे ‘पाणी होते’ आणि ‘जगता येईल असे पाणी होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मंगळाच्या अभ्यासकांना हा फरक नेमका असाच करावा लागतो. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी या गाडीला जॅरोसाइट नावाचे खनिज सापडले. पाणी होते हे त्यावरून कळले, पण ते आम्लधर्मी आणि खारट होते हेही कळले. उलट क्युरिऑसिटीने २०१३ मध्ये गेल विवरात गाळाचा खडक पोखरला तेव्हा त्यात सुमारे एक पंचमांश स्मेक्टाइट निघाले, क्षार कमी होते आणि आम्लता जवळपास नव्हती. ‘हे तळे सूक्ष्मजीवांना मानवले असते’ असे तेव्हा कुठे म्हटले गेले. मानवले असते, म्हणजे तिथे ते राहत होते असा अर्थ नव्हे.

माळेगाव खुर्दला केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे उघडा मुरमाड माळ होता. खडक फोडून, मुरूम बारीक करून तिथे पिके आणि फळबागा उभ्या केल्या गेल्या. कोवळ्या बेसॉल्टवर मुळे कशी धरतात, काय कमी पडते, कोणता क्षार आड येतो, याचा अनुभव तिथल्या शास्त्रज्ञांकडे आहे. मंगळावर भाजी पिकवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा माळेगावला चक्कर मारायला हरकत नाही.

राहण्याजोगी जागा उघड्यावरच असते असेही नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइट लागला आणि त्या खोल खडकांच्या नमुन्यांतही आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. तिथे ऊन नाही, वाराही नाही.

दगडावर झाड दिसले म्हणजे ते जीवाश्म का?

माळावर गुरे चारताना कधी कधी अशी गारगोटी हाती लागते की जिच्या आत नेच्याचे पान अडकले आहे असे वाटावे. फांद्या, उपफांद्या, सगळे असते. लोक ते ‘लाखो वर्षांपूर्वीचे झाड’ म्हणून घरी जपून ठेवतात. बहुतेक वेळा ते मँगेनीज किंवा लोहाच्या ऑक्साइडचे डेंड्राइट असते. खडकाच्या फटीतून खनिजयुक्त पाणी झिरपले की ते अशा फांद्या काढत पसरते. त्यात झाडाचा काही संबंध नाही.

यात हसण्यासारखे काही नाही, कारण जगातले नामवंत शास्त्रज्ञही याच ठेचेला लागले आहेत. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या मंगळावरच्या उल्केत अळीसारखे बारीक आकार आणि मॅग्नेटाइटचे स्फटिक दिसले. १९९६ मध्ये ‘नासा’च्या संशोधकांनी ते प्राचीन जीवनाचे अवशेष असावेत असे मांडले आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर जाहीर निवेदन केले. पुढे जवळपास प्रत्येक खुणेला निर्जीव स्पष्टीकरण मिळत गेले आणि बहुतेक तज्ज्ञांनी तो दावा सोडून दिला. ग्रीनलंडमध्ये २०१६ मध्ये ३७० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीवांचे थर सापडल्याचा दावा झाला. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने तोच खडक वेगळ्या बाजूने कापून पाहिला आणि ते आकार खडक दाबला-पिळला गेल्यामुळे आले असावेत, असे दाखवले. खडकाची तिसरी बाजू आधी पुरेशी पाहिली गेली नव्हती, असा त्यांचा आक्षेप.

आकार फसवतो, एकटे खनिजही फसवते. भरवसा ठेवता येतो तो थरावर. वस्तू कुठे होती, कशाच्या वर, कशाच्या खाली, आजूबाजूचा गाळ शांत पाण्यातला की पुराचा, हे कळले तरच खुणेला अर्थ येतो.

मोरगावच्या राखेचा वाद काय आहे?

हे सगळे बारामती तालुक्यातच पडताळून पाहता येते. मोरगावला मयुरेश्वराच्या दर्शनाला लाखो लोक येतात. तिथल्या कऱ्हा नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख दख्खनच्या लाव्हाची नाही. तो लाव्हा त्याआधी कोट्यवधी वर्षे थंड झाला होता. ही राख आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून दूरवरून. अशीच राख जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे १९८०च्या दशकात प्रथम ओळखली गेली.

दोन्ही ठिकाणी त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, शरद राजगुरू, सुषमा देव आणि सहकाऱ्यांनी मोरगावला २००० ते २००७ या काळात उत्खनन केले. हातकुऱ्हाडी आणि फरशा असलेली ही अश्यूलियन पद्धतीची हत्यारे. ती किती जुनी? राखेचे वय कळले तर हत्यारांचे कळेल, असे वाटले होते.

पण राखेच्या वयावरच गाडी अडली. बोरीच्या राखेचे वय एका पद्धतीने १४ लाख वर्षे आले, दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार. काचेच्या कणांची रासायनिक घडण पाहणाऱ्यांनी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या शेवटच्या महाउद्रेकाची ठरवली. आणखी काहींनी टोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाकडे बोट दाखवले. मोरगावच्या गाळातल्या चुंबकीय खुणा उलट्या दिशेच्या आहेत, म्हणजे तो गाळ ७ लाख ८० हजार वर्षांहून जुना असावा, असेही मांडले गेले.

एका राखेची इतकी वये का? राखेत जुने स्फटिक मिसळले असतील तर यंत्र जास्त वय सांगते. राख पडली तिथेच राहिली की नदीने वरून वाहून आणून पुन्हा पसरली, हा त्याहून अवघड प्रश्न. पुराने राख हलवली असेल, जुनी हत्यारेही काठ ढासळून तिच्यात मिसळली असतील, तर दोघांचे वय एक धरता येत नाही. याचा निवाडा प्रयोगशाळेत होत नाही. त्यासाठी काठावर उभे राहून थर पाहावा लागतो, खाली गाळ कसा आहे, वर वाळू कशी बसली आहे ते तपासावे लागते.

आणि हा वाद किरकोळ नाही. ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाने पृथ्वीचे हवामान बिघडवून माणसाची संख्या मूठभरावर आणली, अशी एक कल्पना बराच काळ चालली. आंध्रात ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे सारखीच हत्यारे सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा तिला तडा गेला. एखादा ग्रह राहण्याजोगा कधी उरत नाही आणि एवढ्या तडाख्यातून कोण तगते, याचे उत्तर अशाच चार-दोन नदीकाठांवर आहे. त्यातला एक कऱ्हेचा.

थर गेला तर काय जाते?

पर्सिव्हिअरन्सने चेयावा फॉल्समधून काढलेली खडकाची कांडी मंगळावर नळीत बंद आहे. प्रत्येक नळीसोबत जागा, खोली, दिशा आणि शेजारच्या खडकांची छायाचित्रे अशी नोंद आहे. हे नमुने पृथ्वीवर आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि ते २०४०पर्यंत येणार नाहीत, असे दिसल्यावर २०२४ मध्ये ‘नासा’ने ती योजनाच नव्याने मांडायला घेतली. एवढा आटापिटा थोड्या दगडासाठी आणि त्याच्या पत्त्यासाठी.

आपल्याकडे पत्ता फुकट आहे आणि तोच जातो. मुरूम आणि वाळू ही कायद्याच्या भाषेत गौण खनिजे. परवानगी देताना विचारले जाते ते किती ब्रास आणि किती स्वामित्वधन. त्या काठात राखेचा थर आहे का, हे विचारणारा रकाना नाही. रात्रीत एक जेसीबी जेवढा काठ नेतो, तेवढा साचायला काही हजार वर्षे लागलेली असतात. इंदापुरात भीमेच्या काठांचा मोठा भाग १९८०च्या सुमारास उजनीच्या पाण्याखाली गेला. धरण हवे होते, त्यावर वाद नाही. पण उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पळसदेवचे मंदिर पाहायला गर्दी होते, तेव्हा शेजारी उघड्या पडलेल्या काठाकडेही एखाद्या भूगोलाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना न्यायला हवे. ती संधी पाणी चढेपर्यंतच असते.

केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. सगळे अधिकार एकाच खात्याकडे जातील, असे आक्षेप अनेक भूशास्त्रज्ञांनी घेतले. त्यात तथ्य होते, पण आक्षेपांना उत्तर देऊन कायदा पुढे नेण्याऐवजी मसुदा तसाच राहिला. लोणारसारख्या नावाजलेल्या जागेला संरक्षण मिळते. मोरगावच्या राखेला देखणे विवर नाही, गुलाबी पाणी नाही. पिवळट-पांढऱ्या मातीच्या पट्ट्यापलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्याला तिथे काही दिसत नाही.

दिल्लीच्या कायद्याची वाट न पाहता तालुक्याच्या पातळीवर करता येईल असे बरेच आहे. उत्खननाची परवानगी देताना काठाच्या उभ्या छेदाची मापपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि अक्षांश-रेखांश जोडणे सक्तीचे करता येते. तलाठ्याच्या फोनमध्ये ते पाच मिनिटांत होते. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांना विहिरींच्या थरांची नोंदवही ठेवता येईल. दरवर्षी नव्या विहिरी, शेततळी, कालव्याच्या दुरुस्त्या होतच असतात. आणि मोरगावला देवस्थानाच्या वाटेवर एक पाटी लावता येईल, ज्यावर राख कुठून आली ते लिहिलेले असेल आणि ती किती जुनी हा वाद अजून चालू आहे, हेही.